स्टील गिटारचा स्पीकर : निवड, खरेदी आणि सल्लागार

स्टील गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला स्पीकर जातो तो बहुधा कार्यक्रमाच्या ऐन दिवशी, आणि त्याची पहिली बातमी वादकाला नव्हे, तर पहिल्या रांगेत बसलेल्या, संगीताशी कसलाही संबंध नसलेल्या माणसाला लागते. "काहीतरी फाटलंय," एवढेच तो म्हणतो आणि बरोबर म्हणतो. फाटलेली असते ती कागदी कोन किंवा कोनाची कडा. कोनामागची तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइलच, जळाली असेल तर मात्र काहीच ऐकू येत नाही आणि तोच माणूस गिटारवादन आवडल्यासारखी मान डोलावतो.

स्टील गिटार मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवून वाजवतात. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकते, उजव्या हाताच्या बोटांत नख्या असतात आणि सूर एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी न मारता घसरत जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकूने ही पद्धत रूढ केली असे मानतात. जगात व्यापारी पातळीवर विकली गेलेली पहिली विजेची गिटारही हीच. १९३२ साली, पुढे रिकनबॅकर नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने ती बाजारात आणली आणि तिच्या आकारामुळे लोकांनी तिला 'फ्राइंग पॅन' म्हटले. भारतात १९४०च्या दशकात टाऊ मो हा हवाईचा कलावंत कुटुंबासह कोलकात्यात राहिला आणि वाद्य इथे रुजले. पुढे व्हॅन शिप्ले आणि एस. हजारा सिंग यांनी हिंदी गाण्यांच्या धुना तबकड्यांवर वाजवल्या. रेडिओवर बातम्यांना दोन मिनिटे उरली की ती जागा भरायला अशाच धुना कामाला यायच्या, त्यामुळे हे वाद्य घराघरात ऐकले गेले आणि त्याचे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक झाले नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत त्याच्यावर राग वाजवले. विश्वमोहन भट्ट यांना १९९४ साली ग्रॅमी मिळाले तेव्हा वृत्तपत्रांनी या वाद्याबद्दल सविस्तर छापले.

स्पीकरच्या दृष्टीने या इतिहासात एकच गोष्ट महत्त्वाची आहे. उभ्या गिटारीच्या वादकाला स्पीकरने थोडे कुरकुरावे असे वाटते. रॉकच्या गिटारीचा जो करकरीत, भाजका आवाज असतो, त्यातला बराच भाग ताण सहन न होणाऱ्या कोनाचा असतो आणि त्या कुरकुरीसाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात. स्टील गिटारचे नेमके उलटे आहे. सूर लांबवर टिकतो, पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलने त्याला हळूहळू वर उचलतात, आणि एकाच वेळी तीन-चार तारा घसरत असतात. त्यात स्पीकरने आपले मत मिसळले की तीन सुरांचा गुंता होतो आणि मींड ऐकू येण्याऐवजी दळण ऐकू येते. म्हणून या वाद्याला स्पीकर असा लागतो, की जो मोठा आहे, ताकदवान आहे आणि तरीही स्वतः काही बोलत नाही.

असा स्पीकर खानदेशात मागायला जाणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. जळगाव-धुळे पट्ट्यात स्पीकर विकत घेतला जातो तो वरातीसाठी, बँडच्या गाडीसाठी, गणपतीसाठी. लग्नाच्या मोसमात, म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, बँडची गाडी गावातून निघते. तिच्यावर कीबोर्ड, बेंजो, गायक, जनरेटर आणि स्पीकर अशी सगळी व्यवस्था असते, आणि तिचे यश एकाच मापाने मोजतात : आवाज कुठवर गेला. जळगावजवळच्या असोद्याच्या वेशीतली वरात शेजारच्या भादलीला ऐकू आली तर बँड चांगला. स्पष्ट ऐकू आली का, हे कुणी विचारत नाही. अशा दुकानात जाऊन "मोठा पाहिजे, पण स्वच्छ पाहिजे" असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार सहानुभूतीने पाहतो आणि मोठा तेवढा दाखवतो.

खरेदीच्या आधी स्पीकर खरोखर गेला आहे का, हे पाहावे. ही पायरी बहुतेक लोक गाळतात, कारण खरेदीचा उत्साह निदानापेक्षा नेहमीच जास्त असतो. निदानाला लागते काय, तर दीड व्होल्टचा एक सेल आणि दोन वायरी. अ‍ॅम्प्लिफायरची वायर सोडवून सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला की 'टक्' असा आवाज यावा आणि कोन जराशी पुढे किंवा मागे सरकावी. आवाज नाही, हालचाल नाही, तर कॉइल तुटली आहे. मग दोन्ही हातांची बोटे कोनावर सारख्या अंतरावर ठेवून ती अलगद आत दाबावी आणि कान जवळ न्यावा. खरखर आली तर कॉइल मॅग्नेटच्या फटीत घासते आहे. एका बाजूने दाबले तर चांगल्या स्पीकरचीही कॉइल घासते. या चुकीने अनेक धडधाकट स्पीकर भंगारात गेले आहेत आणि ते घेणाऱ्या भंगारवाल्यांनी कधी तक्रार केलेली नाही.

खेडेगावात आणखी एक कारण तपासावे लागते. वापर नसताना अ‍ॅम्प्लिफायर धान्याच्या खोलीत ठेवलेला असतो. कोन कागदाची, तिच्यावर चिकट लेप, पेटी लाकडाची, आत अंधार आणि ऊब. उंदराच्या दृष्टीने यात काहीच कमी नाही. उंदराने कुरतडलेली कोन आणि जास्त आवाजाने फाटलेली कोन यांत फरक ओळखता येतो. आवाजाने फाटलेली कोन कडेच्या घडीपाशी गोलाकार फाटते. उंदराला भूमितीत रस नसतो.

निदानातली खरी मेख अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा शेवटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर स्पीकरकडे गाण्याऐवजी थेट डीसी करंट जातो. कोन एका बाजूला ताणून राहते, कॉइल हीटरसारखी तापते आणि काही क्षणांत धूर निघतो. अशा वेळी स्पीकर हा बळी असतो, आरोपी नव्हे. नवा स्पीकर आणून त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की तोही त्याच वाटेने जातो. म्हणून स्पीकर सोडवून, गिटार न वाजवता, अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर-टोकांवर मीटरने डीसी व्होल्टेज मोजावे. ते काही हजारांश व्होल्ट असावे. पूर्ण व्होल्टांत भरले तर स्पीकरची खरेदी लांबवून मेकॅनिककडे जावे. ही मोजणी ट्रान्झिस्टरच्या यंत्राची. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर सोडवून चालू करूच नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

मेकॅनिक म्हणतो, "कशाला नवा घेता भाऊ, कोन बदलून देतो." याला धंद्यात रिकोन करणे म्हणतात. जुनी कोन, कॉइल आणि कॉइलला मध्यभागी धरून ठेवणारी मागची जाळी, म्हणजे स्पायडर, हे सगळे खरवडून काढायचे, फट साफ करायची आणि नवा संच चिकटवायचा. काम चांगल्या हाताने झाले आणि संच त्याच मॉडेलचा मिळाला, तर स्पीकर पुन्हा पहिल्यासारखा होतो. संच तोच मिळत नाही, ही अडचण. मग मापाला जुळेल ती कोन बसते. कोनाचा कागद जाड असेल तर वरचे सूर मेले, पातळ असेल तर खालचे सूर फडफडले. मॅग्नेट आणि लोखंडी सांगाडा जुना, बाकी सगळे नवे. अशा स्पीकरला जुन्या कंपनीचे नाव का ठेवायचे, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, पण मेकॅनिक ते नाव ठेवतो आणि विकतानाही तेच सांगतो. अमेरिकेत स्टील गिटारवाल्यांमध्ये गाजलेला पीव्ही कंपनीचा 'ब्लॅक विडो' स्पीकर या बाबतीत शहाणपणाने बनवलेला होता. त्याचा सांगाडा कोन-कॉइलसकट बोल्ट काढून मॅग्नेटपासून वेगळा करता येई आणि नवा चढवता येई. ज्याने तो बनवला त्याला वादकांचा स्वभाव ठाऊक असावा.

रिकोन नको असे ठरले की माप पाहायचे. इथे परंपरा स्पष्ट आहे : स्टील गिटारला पंधरा इंची. १९४०च्या दशकाच्या अखेरीस आलेला जेबीएलचा डी-१३० हा पंधरा इंची स्पीकर या वाद्याच्या वादकांनी अनेक वर्षे डोक्यावर घेतला. मोठ्या कोनात हवा ढकलायची ताकद जास्त आणि खालचे सूर भरदार, हे त्याचे कारण. बारा इंची दोन लावले तरी चालतात. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बमध्ये तेच आहेत. आठ इंची स्पीकर घरात सरावापुरता. अठरा इंची घ्यायचा मोह गणपतीनंतर होतो, कारण तेव्हा तो स्वस्तात वापरलेला मिळतो. तो फक्त ढोलाच्या ठोक्यासाठी बनवलेला असतो. त्यावर स्टील गिटार लावली तर सुराऐवजी छातीत धडधड होते आणि वादक डॉक्टरकडे जातो. भोंगा आणि त्याचे युनिट हा तर वेगळाच प्राणी आहे. प्रार्थना आणि प्रचार या दोन्हींना तो उपयोगी, पण खालचे सूर त्याच्यातून निघतच नाहीत.

माप म्हणजे नुसता व्यास नव्हे. पंधरा इंची स्पीकर पंधरा इंचांच्या भोकात बसवायला गेला तर तो आत पडतो. बाहेरची कड फळीवर टेकायची असते, त्यामुळे भोक साधारण ३५३ मिलिमीटरचे लागते. ही संख्या सुताराला सांगितली तर तो विचारात पडतो. 'तेरा इंच सात सूत' म्हटले की लगेच पेन्सिल कानामागून काढतो. बारा इंचीला 'अकरा इंच एक सूत'. प्रत्येक कंपनीचे माप थोडे इकडेतिकडे असते, म्हणून नवा स्पीकर हातात येईपर्यंत सुताराला बोलावू नये. त्याला रिकामा बसवला तर तो पेटीच बदलायचा सल्ला देतो. मागची खोलीही मोजावी. मॅग्नेट अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरला टेकले, किंवा पेटीच्या मागच्या फळीला भिडले, तर ही चूक स्क्रू पिळून सुटत नाही.

ओहमचा प्रश्न याहून नाजूक, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे चार, आठ किंवा सोळा असा आकडा लिहिलेला असतो आणि स्पीकर त्याच आकड्याचा हवा. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला चारऐवजी आठ ओहमचा लावला तर तो फक्त कमी ताकद देतो, म्हणजे निम्म्याच्या आसपास. आठऐवजी चारचा लावला तर जास्त देण्याच्या प्रयत्नात स्वतःच तापतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला दोन्हीकडची चूक आवडत नाही, तिथे आकडा जुळवणेच बरे. दोन आठ-आठ ओहमचे स्पीकर समांतर जोडले तर चार होतात, एकामागे एक जोडले तर सोळा. मीटरवर मोजून खात्री करायला गेले की आठ ओहमचा स्पीकर सहाच्या आसपास दाखवतो. यात फसवणूक नाही. मीटर कॉइलचा नुसता रोध मोजतो, आणि लिहिलेला आकडा गाणे चालू असतानाचा असतो. तरीही दर वर्षी कुठल्या ना कुठल्या दुकानात 'आठचे पैसे घेऊन सहाचा दिला' म्हणून भांडण होते आणि दुकानदार जिंकतो, हे या भांडणाचे वैशिष्ट्य.

सभा-समारंभाच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ओहमच्या शेजारी ७० व्होल्ट आणि १०० व्होल्ट अशीही टोके असतात. ती दूरवरच्या भोंग्यांसाठी. त्या भोंग्यांत छोटे ट्रान्सफॉर्मर बसवलेले असतात. गिटारचा साधा स्पीकर हौसेने १०० व्होल्टच्या टोकाला जोडला तर आवाज अप्रतिम येतो. तो एकदाच येतो.

यानंतर वॅट. या एककाची जेवढी अब्रू भारतीय बाजाराने घालवली तेवढी दुसऱ्या कुठल्याच एककाची घालवलेली नाही. नव्वदच्या दशकात सहा मोठे सेल घालायच्या टेपरेकॉर्डरवर '१००० वॅट पीएमपीओ' असे चंदेरी अक्षरांत छापलेले असे. सहा सेल म्हणजे नऊ व्होल्ट. त्यातून पाच वॅटांच्या आसपास निघाले तरी पुष्कळ. उरलेले ९९५ वॅट ग्राहकाच्या श्रद्धेतून यायचे. त्या टेपरेकॉर्डरवर ऐकलेल्या पिढीने पुढे स्पीकरची दुकाने काढली, त्यामुळे आजही स्पीकरच्या खोक्यावर तीन आकडे असतात : सलग चालणारे वॅट, कार्यक्रमाचे वॅट आणि क्षणभराचे वॅट. दुसरा पहिल्याच्या दुप्पट, तिसरा चौपट. दुकानदार तिसरा वाचून दाखवतो. घेणाऱ्याने पहिला, म्हणजे आरएमएस, विचारावा आणि तो अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटच्या दीडपट ते दुप्पट असल्याची खात्री करावी. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात, तिथे दागिन्यावर ९१६चा शिक्का बघून घेता येतो. वॅटवर असा शिक्का अजून निघालेला नाही.

गंमत अशी की आवाज किती मोठा येणार, हे वॅटवर फारसे अवलंबून नाहीच. ते ठरते संवेदनशीलतेवर. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल येतात, हा तो आकडा. खोक्यावर तो सगळ्यात बारीक अक्षरांत छापतात, आणि महत्त्वाची गोष्ट बारीक अक्षरांत छापण्याची प्रथा विमा कंपन्यांपुरती मर्यादित नाही हे त्यावरून कळते. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली की जेमतेम ३ डेसिबल वाढतात. म्हणजे ९७ डेसिबलच्या स्पीकरवर १०० वॅट जो आवाज काढतात, तो १०० डेसिबलच्या स्पीकरवर ५० वॅट काढतात. फरक १० डेसिबलचा असेल तर हिशेब थेट दसपट होतो : ९० डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट पाजले तर जे मिळते, ते १०० डेसिबलचा स्पीकर १० वॅटांत देतो. तरीही 'किती डीबीचा?' असे विचारणारे गिऱ्हाईक दुकानात शिरले की दुकानदाराला तो प्रदूषण मंडळाचा माणूस वाटतो.

ती शंका अगदीच बिनबुडाची नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. आता १०० डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट दिले तर एक मीटरवर १२० डेसिबल होतात. मोकळ्या रानात अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे एक किलोमीटरवर साधारण ६०. झाडे, भिंती आणि वारा हिशेबात धरलेले नाहीत, तरी कागदावर असोद्याच्या शिवारातला एक सूर किलोमीटरभर पलीकडच्या वस्तीतही कायदा मोडतो. स्टील गिटारवाला इतक्या जोरात कधीच वाजवत नाही. तेवढी ताकद तो राखून ठेवतो ती आवाज फाटू नये म्हणून. वरातीतला स्पीकर शंभर टक्के ताकदीवर चालतो, स्टील गिटारचा दहा-वीस टक्क्यांवर. हे गणित मंडप-डेकोरेशनवाल्याला समजावून सांगितले तर तो शांतपणे विचारतो, "मग एवढा मोठा घेता कशाला?"

मॅग्नेटची पारख हा खानदेशी माणसाचा हातखंडा असायला हवा. असोदा, भादली, बामणोद या पट्ट्यातली भरताची वांगी प्रसिद्ध आहेत, जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. ते वांगे घेणारा माणूस ते तळहातावर तोलतो : आकाराने मोठे आणि वजनाला हलके असेल तर बिया कमी, भरीत चांगले. स्पीकर घेताना हाच माणूस तोच हात वापरतो, पण नियम उलटा लावतो. जड तो चांगला. अनेक वर्षे हे खरेही होते, कारण फेराइटचे मोठे मॅग्नेट म्हणजे जास्त पकड, जास्त संवेदनशीलता, आणि पंधरा इंची स्पीकर सात-आठ किलो सहज भरायचा. मग निओडिमियमची मॅग्नेटे आली. तेवढेच काम करणारा स्पीकर साधारण निम्म्या वजनात बसू लागला आणि वांग्याचा नियम स्पीकरलाही लागू झाला. दुकानात मात्र अजून कुणाचा विश्वास बसत नाही. हलका स्पीकर हातात घेऊन लोक तो उलटा करून पाहतात, आत काही राहून तर गेले नाही ना. या वाद्याचे वादक साधारणपणे पन्नाशीच्या पुढचे असतात आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यांनाच उचलायचा असतो, तेव्हा निओडिमियमचे जास्तीचे पैसे कंबरेच्या औषधांतून वळते होतात. जुन्या अल्निको मॅग्नेटचे भक्त वेगळे. त्यांच्याशी वाद घालू नये, ते दोन तास बोलतात आणि मधूनमधून डोळे मिटतात.

खरेदीची ठिकाणे दोन. जळगावात गोलाणी मार्केट आणि आसपासची दुकाने, जिथे मोबाइलच्या काचांपासून सगळे मिळते आणि स्पीकर बँडवाल्यांच्या गरजेप्रमाणे ठेवलेले असतात. मनाजोगते मिळाले नाही तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनवर उतरून पाचेक मिनिटांत माणूस अशा गल्लीत शिरतो, जिथे प्रत्येक दुकानदार म्हणतो की हे मॉडेल फक्त आपल्याकडे आहे. परतीच्या प्रवासात पंधरा इंची खोके गाडीत वरच्या फळीवर मावत नाही. ते सीटखाली सरकवले तर शेजारचा प्रवासी पाय ठेवतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकले तर त्यावर केळीचे खोके येते. मांडीवर घेऊन येणे हाच सुरक्षित मार्ग आहे, आणि त्यात निओडिमियमचा दुसरा फायदा कळतो. ऑनलाइनही मिळतो. तिथल्या अभिप्रायांत 'पॅकिंग छान होते' हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा येते. वाजतो कसा, हे लिहिण्याइतका वेळ कुणाला झालेला नसतो.

दुकानात नेमके काय मागावे? 'गिटार स्पीकर' असे मागितले तर कुरकुरणारा मिळतो. 'डीजेचा' म्हटले तर फक्त ठोका देणारा. स्टील गिटारला लागतो तो दोन्हींच्या मधला, सभेच्या पीए स्पीकरमधला कोनाचा, मधले सूर स्वच्छ देणारा. त्याच्या माहितीच्या कागदावर साधारण ६० हर्ट्झपासून ४-५ हजार हर्ट्झपर्यंत फारसा चढ-उतार नसलेली सपाट रेघ असावी. पेडल लावलेल्या स्टील गिटारच्या सी-सिक्स जुळणीत सगळ्यात खालची मोकळी तार ६५ हर्ट्झची असते, त्यामुळे ७० पासून सुरू होणारा रॉक गिटारचा स्पीकर तिथे तोंडातल्या तोंडात बोलतो. फार वरचे सूर देणाराही नको. कांडी तारेला घासते तो बारीक किरकिराट त्यात साबणाच्या फेसासारखा वर येतो. कोनाची कडा कापडाची किंवा कागदाच्या घडीची पाहावी. फोमची कडा मऊ आणि देखणी असते, पण दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो, आणि खानदेशचा उन्हाळा ही मुदत पूर्ण करू देत नाही.

स्पीकर घरी आला की सल्लागार जमतात. हा टप्पा कुठल्याही कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला नाही, तरी तो टळत नाही. पहिला येतो बँडवाला. तो कोन वाजवून बघतो, बोटाने, मधल्या टोपीवर, आणि तिथे खळगा पाडतो. खळगा पडलेली टोपी आवाज बिघडवत नाही, पण पुढची वीस वर्षे डोळ्यांत खुपते. दुसरा येतो तो फक्त किंमत विचारायला. आकडा काहीही सांगितला तरी तो म्हणतो, "माझ्या मेहुण्याने अर्ध्यात आणला असता." मेहुणा नेहमी नाशिकला असतो. तिसरा खरा जाणकार. तो काहीच बोलत नाही, लाल वायर कुठे लावली एवढे बघतो आणि चहा घेऊन जातो.

त्याचे बघणे बिनकामाचे नसते. एकच स्पीकर असेल तर लाल-काळी उलटली तरी कानाला फरक कळत नाही. दोन असतील आणि एकाची वायर उलटी लागली, तर एक कोन पुढे जाते तेव्हा दुसरी मागे जाते आणि खालचे सूर हवेतल्या हवेत एकमेकांना खातात. सेल लावून दोन्ही कोना एकाच दिशेने सरकतात का, हे पाहावे. जुन्या जेबीएलच्या स्पीकरमध्ये लाल टोकाला धन लावले असता कोन आत जाते, बाकी बहुतेकांत बाहेर. त्यामुळे जुना जेबीएल आणि नवा देशी अशी जोडी लावली तर वायरी मुद्दाम उलट जोडाव्या लागतात, आणि बघणारा सल्लागार त्या पुन्हा सुलट करून जातो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने पिळावेत. एकाच बाजूने आवळले तर लोखंडी सांगाडा वाकतो, कॉइल फटीत घासते आणि नवा स्पीकर पहिल्याच दिवशी जुन्यासारखा वाजतो.

चाचणीला ठोक्याचे गाणे लावू नये, त्यावर सगळेच स्पीकर चांगले वाजतात. एकच लांब सूर धरावा, कांडी वरच्या पट्टीकडून हळूहळू खाली आणावी आणि पेटीचा कुठला भाग मधेच गुणगुणतो का, हे ऐकावे. मग एखादी सगळ्यांना पाठ असलेली चाल वाजवावी. असोद्यात ती अडचण नाही. बहिणाबाई चौधरींचा जन्म याच गावचा, १८८० सालचा, आणि त्यांची गाणी 'मानिनी' चित्रपटातून १९६१ सालीच घराघरात गेली. शब्द ज्याला पाठ असतात त्याला सूर कुठे चुकला हे लगेच कळते, मग तो पहिल्या रांगेतला असो की शेवटच्या. पहिले काही दिवस आवाज जरा आखडलेला वाटेल. कोनाची घडी आणि स्पायडर वापराने मोकळे होतात, त्यासाठी मध्यम आवाजात काही तास वाजवणे पुरते. रात्रभर फुल आवाजात 'मोकळा' करण्याची पद्धत बँडवाल्यांची. तिने स्पीकर फारच मोकळा होतो.

तेव्हा घेणाऱ्याने एवढे करावे. अ‍ॅम्प्लिफायर आधी तपासून घ्यावा. पंधरा इंची, ओहम जुळणारा, सलग वॅट दीडपट ते दुप्पट, संवेदनशीलता ९८च्या वर, कडा कापडाची आणि परवडत असेल तर निओडिमियमचा स्पीकर आणावा, आणि बिल जपून ठेवावे, कारण वॉरंटीत कॉइल जळणे बसत नसले तरी मॅग्नेट निखळणे बसते. जुन्या स्पीकरचे मॅग्नेट सुताराला द्यावे. भुश्शात सांडलेले खिळे गोळा करायला ते वर्षानुवर्षे चालते, आणि त्याला ओहम लागत नाहीत.